तंगुसाची गाठ

"उर्वशी, तो पाह्य तुझा हार!" तिची मैत्रीण खुशी किंचाळलीच.

लाखनीच्या सभागृहात उन्हाळी शिबिराचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलावर निळ्या-पांढऱ्या मण्यांचा हार, 'प्रथम क्रमांक' अशी चिठ्ठी, आणि खाली नाव प्रतिक्षाचं! प्रतिक्षा म्हणजे शिबिर घेणाऱ्या वच्छलाबाईंची भाची.

"बाई त म्हणत होत्या, हार तुटला, मणी झाडून फेकले!" शिबिरातला त्यांचा सोबती छोटू म्हणाला.

उर्वशी टेबलावर वाकली. पंधरा दिवस मान मोडून ओवलेला हार! तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुळगुळीत; त्यावर सगळ्यांच्या गाठी सुटायच्या. तिची सुटत नसे. तलावात मासेमारी करणाऱ्या बाबांकडून तिनं जाळ्याची गाठ उचलली होती. तेव्हा बाई हसल्या होत्या, "हार करतेस की जाळं विणतेस?"

तिघांची डोकी एकत्र आली. मग छोटू भर सभेत ओरडला, "पहिल्या नंबराचा हार पाहुण्याबाईंले घालून दाखवा ना!"

पाहुण्या गोदावरीबाई हसून पुढं झाल्या. हार बेताचा, गाठ सोडल्याशिवाय गळ्यात जाईना. प्रतिक्षानं ओढलं, तशी गाठ आणखी आवळली.

"कात्री आणा," वच्छलाबाई घाईनं म्हणाल्या.

"कात्री कायले?" उर्वशी मंचावर चढली. गाठ ओढायची नसते, मागं लोटायची असते! चुटकीसरशी ती सुटली. प्रतिक्षा रडू लागली. "मावशीनंच माहं नाव लावलं."

"शाब्बास पोरी!" गोदावरीबाईंनी पाठ थोपटली. टाळ्या पडल्या. वच्छलाबाईंनी लगेच फोटोसाठी उर्वशीला जवळ ओढलं. "माझीच विद्यार्थिनी! चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली." पडल्या तरी नाक वरच! उर्वशीला रडू आलं नाही, चीड आली.

"गाठ माह्या बाबाची आहे," ती म्हणाली. "तुमी हसल्या होत्या तिच्यावर."

टाळ्या थांबल्या. प्रमाणपत्रावरचं नाव बदलून देऊ, असं सगळे म्हणाले. शाळा सुरू झाली, तरी कुणी दिलं नाही. उर्वशी त्या शिबिरात मणी ओवायला शिकली होती, आणि मोठी माणसं किती सहज खोटं बोलतात, हेही.

प्रदर्शनाच्या दिवशी ती हार घरी घेऊन आली, तेव्हा बाबांनी तो हातात घेतला होता. मणी पाहिलेच नाहीत. तिनं पुन्हा बांधलेली गाठ तेवढी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"पक्की आहे," ते म्हणाले.