अर्धं राहिलेलं नाम

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी पिंपळगाव राजाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टर होतो. मी आणखी एक नर्स मागितली, तर विश्वस्तांनी मोतीरामबुवा नेमले. रुग्णांच्या मनाला धीर द्यायला म्हणे. धीर कसला? बुवा अत्यवस्थ माणसाच्या कानात नाम सांगायचे आणि शेवटी तुळशीचं पाणी ओठांना लावायचे. ते पाणी लागलं की घरचे दुसरं काही घशाखाली उतरू देत नसत. औषध नाही, दूध नाही. माणूस गेल्यातच जमा. रंगराव नावाचा धडधाकट गडी, ताप उतरत आलेला, असाच कोरड्या घशानं गेला. आठवलं की माझं रक्त अजून उसळतं.

मग अंबूबाई आली. तरणी, लेकुरवाळी. मुदतीचा ताप होता, पण गोळ्या लागू पडत होत्या. तिच्या सासूचा, सरस्वतीबाईंचा, मात्र धीर सुटला आणि त्यांनी बुवांना बोलावलं. मी वॉर्डात शिरलो तेव्हा बुवा खाटेजवळच्या स्टुलावर बसून तिच्या कानाशी लागले होते. मी पाण्याची वाटी भिरकावून दिली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"नाम अर्धंच झालं, साहेब," ते म्हणाले. "अर्ध्यावर नाही सोडता येत."

"चालते व्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा झोपेतच गेल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही. मला वाईटही वाटलं नाही.

त्याच दुपारी अंबूबाई रिकाम्या स्टुलाकडे कान करून पडली होती. मधूनमधून मान हलवत होती. या तापात भ्रम होतोच. मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

"कोणाचं ऐकता?"

"बुवा आले ना."

मी स्टूल उचललं आणि अंगणात फेकलं.

"काऊन नेलं हो?" ती म्हणाली. "म्हातारा माणूस उभा राह्यला."

सरस्वतीबाई पदर सावरून बाजूला सरकल्या. कुणाला तरी वाट दिल्यासारख्या.

मी गोळी तिच्या तोंडाशी नेली. तिनं दात आवळले.

"नको, साहेब. बुवा वाकून राह्यले. पाणी आणलं त्यायनं."

संताप माझ्या डोक्यात गेला. शिकलासवरलेला मी, रिकाम्या जागेवर ओरडलो, "ही जगणार आहे. राहिलेलं अर्धं माझ्या कानात सांगा आणि निघा इथून."

अंबूबाईची नजर हलली. सरकत सरकत माझ्या खांद्यापाशी आली.

तिथंच थांबली.

मला काही ऐकू आलं नाही. कान तेवढा गार पडला.

तिनं तोंड उघडलं, गोळी गिळली. वर पेलाभर दूध मागून प्यायली. ती वाचली होती.

सरस्वतीबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. हात पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे पाहून थबकल्या.

मी ओठांवरून बोट फिरवलं. ओले होते.

"द्या चहा," मी म्हणालो. घशाला कोरड पडली होती.

"आता कायले, साहेब," त्या हळूच म्हणाल्या, आणि कपावर बशी झाकून चहा परत घेऊन गेल्या.