मगरिबच्या उजेडात काळी काच

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. माझी मावशी मार्निस आज धडधाकट आहे, अजूनही बाळंतपणं करते. ही हकिगत मी तिच्या तोंडून चारदा ऐकलीय. चारही वेळा ती एकाच ठिकाणी थांबली आणि पाणी प्यायली.

जुलै २०१८. गुरुवार. सोलोक शहराच्या वरच्या डोंगरात, बुकिक सिरिआ वस्तीला जाणारा रस्ता.

वेळ मगरिबची. सूर्य बुडतो ती वेळ. आमच्याकडे तेव्हा आया पोरांना अंगणातून आत ओढतात आणि दारं लावून घेतात.

मावशी त्या भागातली एकुलती एक सुईण. लोक तिला 'बू बिदान', म्हणजे सुईणबाई, म्हणतात. स्कूटर, औषधांची पिशवी आणि हेल्मेट एवढ्यावर तिने वीस वर्षं तो डोंगर पालथा घातलाय. उन्हात तिच्या डोळ्यांना पाणी येतं, म्हणून हेल्मेटला दिवसा काळी काच. संध्याकाळी ती काढून साधी काच बसवायची, हा तिचा नेम.

त्या आठवड्यात साधी काच फुटली होती. तिचा नवरा निझवार खुर्चीत नीट न बघता बसला, आणि काच खुर्चीतच होती.

"तुमच्यापुढे काच काय, लाकूडसुद्धा टिकायचं नाही," मावशी म्हणाली होती.

"नवीन सांगितलीय ना. शनिवारी येईल."

शनिवार यायचा होता. गुरुवारी पावणेसहाला फोन वाजला.

बुकिक सिरिआचा एफ्रिझाल होता. त्याची बायको येलमी पहिलटकरीण, दिवस भरलेली.

"बू, दुपारपासून कळा येत होत्या. जोरात येत होत्या. पण आता थांबल्यात."

"थांबल्या म्हणजे?"

"एकदम थांबल्या. ती बोलतही नाही. नुसती छताकडे बघतेय. बू, लवकर या..."

मावशीने पिशवी उचलली. निझवार अंगणात हात काळे करून उभा होता. त्याच्या मोटरसायकलचं इंजिन गोणपाटावर सुटं पडलं होतं.

"काळ्या काचेने जाऊ नकोस, नीस. थांब, मी येतो सोडायला."

"कशावर बसवून नेणार, उदा?" नवऱ्याला ती 'उदा' म्हणते. "त्या गोणपाटावर?"

"मग काच वर करून चालव."

"आणि किडे तुम्ही काढणार माझ्या डोळ्यांतले? मगरिब व्हायच्या आत पोचते मी."

पोचायला पस्तीस मिनिटं लागायची. सूर्य बुडायला चाळीस होती.

पहिला चढ मोकळा होता. समोरून उतरतं ऊन थेट डोळ्यांवर. काळ्या काचेतून सगळं छान, निवांत दिसत होतं.

मग दालचिनीची झाडं लागली.

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दालचिनी आहे, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. मावशी सावलीत शिरली आणि कुणी डोक्यावर घोंगडी टाकावी तसा अंधार झाला. तिने डाव्या हाताने काच वर केली. रस्ता दिसला. लगेच किड्यांचा थवा तोंडावर आपटला. काच खाली. पुन्हा अंधार.

झाडं संपली की ऊन. ऊन संपलं की झाडं.

असं चार-पाच वळणं चाललं. काच वर, काच खाली. रस्ता तोंडपाठ होता म्हणून ती घाबरली नव्हती.

सहाव्या वळणानंतर तिला समोर लाल दिवा दिसला.

कुणाची तरी गाडी. पंचवीस-तीस हात पुढे.

मावशीला हायसं वाटलं. या वेळी या रस्त्याला सोबत मिळणं म्हणजे नशीबच. तिने ठरवलं, आता काच वर-खाली करत बसायचं नाही, त्या दिव्यामागे जायचं.

गाडीवर एकच माणूस होता. डोक्यावर हेल्मेट. खांद्याला पिशवी.

ती थोडी हळू झाली. पुढची गाडीही हळू झाली.

तिने वेग वाढवला. पुढचीनेही वाढवला.

अंतर तेवढंच...

पुढे झाडं विरळ झाली. उन्हाचा मोठा तुकडा रस्त्यावर पडला होता. मावशी उजेडात आली आणि तिने समोर पाहिलं.

रस्ता रिकामा होता.

सरळ रस्ता. दोन्हीकडे कॉफीचे मळे. वळायला पायवाटसुद्धा नाही.

'पुढे निघून गेला असेल,' ती मनाशी म्हणाली.

पुन्हा झाडं आली. पुन्हा काचेमागे अंधार.

आणि पुन्हा तो लाल दिवा.

तेवढाच लांब.

तेव्हा तिच्या लक्षात आलं... मघापासून आवाज येत होता तो फक्त तिच्याच स्कूटरचा.

खाली दरीतून अझान सुरू झाली. त्याबरोबर एक गोष्ट घडली. संध्याकाळी त्या झाडांत किडे असे किरकिरतात की कानठळ्या बसाव्यात. ते सगळे एका क्षणी गप्प झाले.

फक्त अझान. आणि तिचं इंजिन.

"थांबायला हवं होतं मी," मावशी सांगते. "पण थांबले असते तर तिथेच थांबावं लागलं असतं. त्या झाडांत. एकटीने. आणि वर ती पोर पडलेली. म्हणून त्या दिव्याच्या मागे जात राहिले."

दिवा सरळ चालला होता. तीही सरळ चालली होती.

मग पुढच्या माणसाने मान वळवली. मागे. तिच्याकडे.

त्याच्या हेल्मेटलाही काळी काच होती.

मावशीचा हात आपोआप वर गेला. तिने स्वतःची काच झटक्यात वर केली आणि दोन्ही ब्रेक दाबले.

समोर दिवा नव्हता.

रस्ताही नव्हता.

रस्ता केव्हाच उजवीकडे वळला होता. कडेच्या पांढऱ्या दगडांच्या मधल्या फटीतून ती बाहेर आली होती. पुढचं चाक गवतात होतं, आणि गवतापुढे काहीच नव्हतं. खूप खाली नदीचा आवाज येत होता.

इथेच मावशी थांबते. इथेच पाणी पिते.

तिने पाय मागे रेटत रेटत स्कूटर रस्त्यावर आणली. तोंडाने कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होती, पण दोन ओळींच्या पुढचे शब्दच आठवेनात. वीस वर्षं पाठ असलेले शब्द.

परत फिरावं असं वाटलं.

पण मग येलमी...

उरलेला रस्ता तिने काच वर ठेवून काढला. डोळ्यांत किडे गेले, पाणी वाहिलं, तरी काच खाली घेतली नाही. दिवा पुन्हा दिसला नाही. किडेही पुन्हा ओरडले नाहीत.

बुकिक सिरिआला पोचली तेव्हा अंधार पडत होता. एफ्रिझालचं घर खांबांवर उभं, फळ्यांची जमीन. मांजर चाललं तरी कळतं. मावशी जिना चढली.

दारात येलमीची सासू, रोसमा, सगळ्यांची 'माक' म्हणजे आई, गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. मावशीला पाहून तिच्या हातातलं पाणी हिंदकळलं.

"तुम्ही बाहेर कशा गेलात?"

"बाहेर? मी आत्ता येतेय, माक."

"आत्ता कसं?" म्हातारीचा आवाज बारीक झाला. "मघाशीच तर आलात. अझान चालू होती. तिच्याजवळ बसलात. मी म्हटलं, बू, हेल्मेट तरी काढा, चहा टाकते. तुम्ही बोललाच नाहीत. म्हटलं, घाईत असाल..."

एफ्रिझाल खालून वर आला. तो पांढराफटक पडला होता.

"मला गाडीचा आवाज नाही आला," तो पुटपुटला. "मी अंगणातच होतो, बू. जिन्यावरून कुणी चढलंही नाही."

"अरे मग मी काय भूत पाहिलं?" म्हातारी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मावशी आत धावली.

खोलीत येलमी एकटीच होती. मागच्या दाराला आतून कडी. चटईजवळ, अगदी जवळ, उशी ओढलेली होती. कुणीतरी बसल्यासारखी दबलेली.

येलमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे.

"येलमी. मी आलेय गं. इकडे बघ."

ती वळली नाही.

मावशीने पोटाला कान लावला. बाळाचे ठोके मंद होते. फार मंद. त्यानंतर तिला भीती वाटायला वेळच उरला नाही. तिने म्हातारीला कामाला लावलं, एफ्रिझालला कंदील धरायला लावला. येलमीच्या गालावर दोन चापट्या मारल्या.

"ऐक माझं! रडायचंय तर रड, शिव्या द्यायच्यात तर मला दे. पण गप्प पडू नकोस. जोर लाव!"

बराच वेळ काहीच नाही.

मग येलमीने मोठ्याने श्वास घेतला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा. आणि किंचाळली. कळा सुरू झाल्या.

साडेआठच्या आत मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. निळी पडलेली. मावशीने वेढे सोडवले, तोंड साफ केलं, पाठ चोळली.

आवाज नाही...

पुन्हा चोळली.

आवाज नाही.

"रड गं बाई. रड. एवढ्या लांबून आलेय मी तुझ्यासाठी."

आणि पोरगी रडली.

म्हातारी तिथेच खाली बसली. एफ्रिझाल कंदील तसाच हातात धरून हुंदके देत होता. त्याच वेळी बाहेरचे किडे एकदम ओरडायला लागले.

मावशी रात्री तिथेच राहिली. सकाळी लख्ख उन्हात परतली. त्या वळणावर गाडी थांबवून तिने पाहिलं. गवतात चाकाची एकच रेघ होती. तिच्या स्कूटरची.

पुढे दीड महिन्याने येलमी बाळाचं वजन करायला खाली आरोग्य केंद्रात आली. पोर गुटगुटीत झाली होती. बाकीच्या बाया निघून गेल्यावर मावशीने दार लोटलं.

"येलमी, एक विचारू? त्या संध्याकाळी... माझ्या आधी."

येलमी बाळाची टोपी नीट करत राहिली.

"हात ठेवला होता तिने," ती हळूच म्हणाली. "पोटावर. इतका गार हात. हात ठेवला आणि दुखायचं थांबलं. बरं वाटलं मला, बू. इतकं बरं वाटलं की नको तेवढं. वाटलं, आता काहीच करायला नको."

"पण कळा तर आधीच थांबल्या होत्या. एफ्रिझालने मला फोन केला तेव्हा."

"तेव्हाही हात होता. तेव्हा नुसता हातच होता. दिसली ती नंतर."

मावशीने वजनकाटा बाजूला सरकवला. तिने तरीही विचारलं.

"काच वर केली होती तिने?"

"एकदा. माझ्यावर वाकली तेव्हा."

"मग? कोण होतं?"

येलमीने पहिल्यांदाच मान वर केली. मावशीच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. कपाळ, नाक, ओठ... जणू काहीतरी ताडून बघत होती. मग तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"नका विचारू, बू. तुम्हाला त्याच रस्त्याने यायचं असतं."

मावशी त्यानंतर तिला काही विचारू शकली नाही. ती अजूनही बुकिक सिरिआला जाते. सुईण दुसरी नाही, जाणार कोण? पण चारच्या आत खाली उतरते.

गेल्या वर्षी मीही तिच्याबरोबर गेले होते. येलमीने आम्हाला बसवलं, कॉफी दिली, पानात गुंडाळलेला चिकट भात दिला. तिची मुलगी मावशीच्या मांडीवर खेळत होती. येलमी मनापासून बोलत होती, हसत होती, मावशीला आग्रह करत होती.

पण आम्ही तिथे दोन तास होतो, आणि त्या दोन तासांत येलमीने एकदाही मावशीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.