सलोख्याचं नाणं

१९९४ साली सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन विहिणी एका गॅसवर नांदत होत्या. माझ्या बायकोचं, मधुराचं, पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सासूबाई स्वयंपाकघराला माहेर समजत. फ्लॅट लेकाचा, म्हणून आई त्यालाच सासर समजे. रोज दोन आमट्या होत. मी दोन्ही ओरपायचो आणि प्रत्येकीला एकटं गाठून तिचीच वाखाणायचो. मधुराचं ब्लडप्रेशर मात्र चढत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात शांतता हवी, नाहीतर बाळाला धोका आहे.

मी मरीन इंजिनिअर. मोजता येईल तेवढ्यावरच माझा विश्वास. इझमीर बंदरात घेतलेलं एक काशाचं नाणं शोकेसमध्ये होतं. रोमन अमलाखालच्या दोन चिमुकल्या ग्रीक शहरांनी वैर मिटल्यावर पाडलेलं. एका बाजूला बादशहाचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन्ही शहरांच्या देवी, हातात हात घेतलेल्या.

डिंकाच्या लाडवांवरून जुंपली, त्या संध्याकाळी देवींचे हात सुटलेले दिसले. झीज असेल, म्हटलं. अळिवाच्या खिरीवरून वाजलं, तेव्हा दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. झीज अशी वळत नाही. मी चांगलाच घाबरलो.

मधुराला दाखवलं. तिनं नाण्याकडे पाहिलंही नाही. "प्रबोध, आधी घरातलं मिटव."

रविवारी दोघींना समोरासमोर बसवलं. "तुमच्या दोघींच्या हाताला सारखीच चव आहे," मी म्हणालो.

आई चमकली. "विहीणबाई, मला तर म्हणाला, तुमची आमटी म्हणजे गुळाचं पाणी."

"आणि मला जावईबापू म्हणाले, तुमची म्हणजे पेटलेला बॉयलर."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघी हसत सुटल्या. हसता हसता सासूबाईंनी आईचा हात धरला.

मी शोकेसकडे धावलो. देवींच्या हातात हात होते. मला इतका आनंद झाला की नाणं उलटून बादशहालाही पाहावंसं वाटलं.

डोकं नव्हतं. कानशीनं घासल्यासारखा गुळगुळीत धातू होता.

आतून एकाच आमटीचा वास आला. टेबलावर तीन ताटं होती.

"आई, माझं ताट?"

कुणी मान वर केली नाही. मी माझ्या खुर्चीत बसलो.

"किती शांत वाटतंय, नाही?" मधुरा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

सासूबाईंनी वाफाळतं भाताचं पातेलं आणलं. टेबलावर जागा नव्हती, म्हणून माझ्या खुर्चीवर ठेवलं.

मला चटका बसला नाही.