बधिर बोटं

"माझी बायको मला विष घालतेय," समोरचा माणूस म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं.

दार बंदच होतं. तरी डॉक्टरांनी उठून कडी लावली. डॉक्टर दातांचे. आयुष्यभर त्यांच्या खुर्चीत बसलेले लोक काही वाघ नव्हते, पण इतका भेदरलेला माणूस त्यांनीही पाहिला नव्हता.

आणि माणूस तरी कोण! भिंतीवरच्या पोस्टरांतून ज्याच्याकडे बघत डॉक्टरांची कॉलेजची वर्षं गेली, तो. सगळा देश ज्याला 'दादा' म्हणायचा. गॅरेजमध्ये उसन्या गिटारीवर सुरुवात करून ज्याने मैदानं भरवली, मधल्या पडत्या काळात लग्नाच्या हॉलांमध्येही वाजवलं आणि केस पांढरे झाल्यावर पुन्हा मैदानं भरवली. त्याची गाणी त्याचीच. शब्दही त्याचे, चालही त्याची. आता निरोपाचा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि हा रॉकचा राजा हातमोजे घालून, खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसला होता.

"पाणी घ्या," घारूताई म्हणाल्या.

दादांनी पेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

घारूताईंचं नाव त्यांच्या घाऱ्या डोळ्यांवरून पडलेलं. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय, आणि ही खोली त्यांची कचेरी. खालच्या मजल्यावरचा दवाखाना बंद केल्यापासून डॉक्टर त्यांच्यासोबत फिरत, गाडी चालवत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

"सुरुवातीपासून सांगा."

"आधी जिभेला मुंग्या यायच्या. मग बोटं बधिर पडायला लागली, मग पाय." दादांनी हातमोजा काढला. बोटं थरथरत होती. "केसही मूठ मूठ गळतात. आमचे घरचे डॉक्टर म्हणतात, वय झालं, नसा कमजोर झाल्या. पंधरवडाभर दवाखान्यात होतो. तिथे बरं वाटलं. घरी आलो, पुन्हा तेच."

"दवाखान्यात जेवण कुठलं?"

"घरचंच. बायको दोन्ही वेळा डबा आणायची. तेव्हा मला संशय नव्हता, सगळं खायचो. आता मी तिच्या हातचं गिळत नाही. बाहेर जाऊन पाव खातो. तरीही..." त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "ती कशातून घालते, तेच कळत नाही! रात्री शेजारी झोपते आणि मी डोळे मिटत नाही, ताई."

"संशय तुमचा तुम्हालाच आला?"

दादा घुटमळले. "कुणी कशाला सांगेल?"

ते बोलत असताना डॉक्टर सवयीने त्यांचे दात बघत होते. वरच्या पुढच्या दाताला मधोमध बारीक खाच होती. दोरा दातांनी तोडणाऱ्या शिंप्यांच्या दाताला असते तशी.

जाताना घारूताईंनी त्यांचे चार केस मागून घेतले, लिफाफ्यात घातले आणि डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दादांच्या घरी पोचले. घारूताई दादांच्या कारकिर्दीवर पुस्तक लिहिणार, डॉक्टर फोटो काढणार, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी कॅमेरा उलटा धरला तेव्हा घारूताईंनी तो हळूच सरळ केला.

घर मोठं होतं, पण त्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दारं लोटलेली, पडदे ओढलेले. कुठे भांडं वाजलं तरी दादा दचकत.

स्वयंपाकघरात वहिनी होत्या, दादांच्या पत्नी. ताट वाढून त्यांनी आधी स्वतः त्यातला घास खाल्ला आणि मगच ते बाहेर नेलं. थोड्या वेळाने ताट तसंच परत आलं.

"पाहिलंत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिवतसुद्धा नाही. मी घरात आले की तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. सांगा ना, माणूस असा कशाने होतो? मला त्याची भीती वाटते, आणि त्याला सोडून कुठे जायचीही भीती वाटते."

"दवाखान्यात कसे होते?"

"तिथे माणसात होता. जेवायचा, हसायचा. गिटार मात्र नेऊ देत नव्हते, शेजारचे पेशंट वैतागतील म्हणून. त्यावरून काय तो जिवाचा आटापिटा! घरी आल्या आल्या आधी तिकडेच गेला."

'तिकडे' म्हणजे माडीवरची गाणी रचायची खोली. दादा तिथे रोज सकाळी दार लावून बसत. ते खाली असताना वहिनी दोघांना वर घेऊन गेल्या. भिंतीला गिटारी टांगलेल्या, खिडकीशी एक खुर्ची आणि खुर्चीशेजारी लाकडी वाडगं. वाडग्यात पिका होत्या, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या त्रिकोणी चकत्या. कितीतरी पिकांच्या कडा चावल्यासारख्या दिसत होत्या.

"इथे कोण येतं?"

"मी झाडायला येते. आणि धाकटे भाऊजी तारा बदलायला येतात. दुसरं कोणी नाही. गाणं रचताना त्याला माणूस चालत नाही." वहिनींनी खाली पडलेली एक पीक उचलली आणि बोलता बोलता तिच्या टोकाने ओठांवर टकटक करू लागल्या. "एवढंच एक सुख उरलंय त्याला, आणि आता बोटंच—"

घारूताईंनी झटक्यात पुढे होऊन त्यांच्या हातातून पीक काढून घेतली. "बघू जरा."

डॉक्टरांना ते बरं वाटलं नाही. रडवेल्या बाईच्या हातातली वस्तू अशी हिसकावतात का? घारूताईंनी मात्र पीक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि वहिनींना तोंड धुवायला पाठवलं. "डोळे पुसा, तोंड साबणाने स्वच्छ धुवा. फोटो काढायचेत."

वहिनी गेल्यावर वाडगंही पर्समध्ये रिकामं झालं.

"पुस्तकासाठी का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, चित्रं म्हणून छापू," घारूताई म्हणाल्या. वाटेत त्या एका वाद्यांच्या दुकानात उतरल्या आणि एक पुडकं घेऊन आल्या.

तिथून दोघं तालमीच्या हॉलवर गेले. ढोल्या तिथे एकटाच ड्रमसेटमागे बसला होता. बँडचा जुना ड्रमर. नाव वाद्यावरून पडलं की पोटावरून, हे त्यालाही आठवत नव्हतं.

"भांडण? झालंय ना," तो सरळच म्हणाला. "निरोपाच्या कार्यक्रमात माझी दोन गाणी घ्या म्हटलं, तर नाही म्हणाला. त्याच्या घराची पायरी मी वर्षभर चढलो नाही. पण त्याला वाजवताना बघवत नाही हो आता. परवा पीक हातातून तीनदा पडली."

"मध्येच नुसत्या बोटांनी वाजवतात तेव्हा पीक कुठे ठेवतात?"

"कुठे म्हणजे? माईकच्या दांड्याला चिमटा असतो, त्यात खोचतो. पहिल्यापासून."

"तोंडात नाही?"

"तोंडात? मग गाणार कशाने?" ढोल्या हसला. घारूताई हसल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "हाच. सूड, दुसरं काय. तालमीला चहा वगैरे देत असेल."

"असेल," घारूताई म्हणाल्या. डॉक्टरांच्या प्रत्येक चुकीच्या अंदाजाला त्या हेच म्हणत.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. डॉक्टरांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. दादांच्या केसांत विष होतं. जुन्या उंदीरमार औषधांत असायचं ते, बिनरंगाचं, बिनवासाचं. म्हणजे भीती खोटी नव्हती. त्या अंधाऱ्या घरात खरंच कुणीतरी एका माणसाला थोडंथोडं करून मारत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा माडीवर गेले. घारूताईंनी पुडक्यातल्या, आधीच्यांसारख्याच दिसणाऱ्या पिका वाडग्यात ओतल्या. तेवढ्यात धाकटा आला. दादांचा सख्खा भाऊ, बँडमध्ये दुसरी गिटार वाजवणारा, याच घरात मागच्या खोलीत राहणारा. दातांत पीक धरलेली, त्यामुळे शब्द अर्धे तोंडातच राहत होते.

"पुस्तकात माझा एखादा फोटो येईल ना?" त्याने पीक काढून विचारलं. "सगळीकडे अर्धाच येतो. दादाच्या खांद्यामागे."

डॉक्टरांनी फोटो घेतला. याच्याही पुढच्या दाताला तशीच खाच होती. 'घराण्याची खूण,' त्यांनी मनात म्हटलं आणि गंमत म्हणून घारूताईंच्या कानातही सांगितलं.

"दादांच्या पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवून दाखवाल?" घारूताईंनी विचारलं. "बघू तुमची पीक. अरे वा, छान आहे." ती त्यांनी हातातच ठेवली आणि वाडग्यातली एक त्याच्यापुढे धरली. "ही घ्या."

धाकट्याने क्षणभर त्या पिकेकडे पाहिलं, मग दोन बोटांच्या टोकांत ती धरली.

तो सुरेख वाजवत होता. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. मधला भाग नुसत्या बोटांचा. धाकट्याचा हात तोंडाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून वळला. पीक त्याने गुडघ्यावर ठेवली. ती घसरून खाली पडली, सूर तुटला. त्याने ती उचलली, कसंबसं गाणं संपवलं, पीक वाडग्यात टाकली आणि बोटं पँटला पुसली, दोनदा.

"सवय मोडली," तो ओशाळून म्हणाला.

"होतं असं," घारूताई म्हणाल्या, आणि फोन करायला गच्चीत गेल्या.

दुपारी त्याच खोलीत सगळे जमले. दादा भिंतीला पाठ लावून. वहिनी दाराशी. ढोल्या वर्षभरानंतर प्रथमच त्या घरात. धाकटा खिडकीत. आणि जिन्यात एक पोलीस अधिकारी, जो कशासाठी आला हे कुणी विचारलं नाही, पण सगळे त्याच्याकडे बघत होते.

"दादांच्या अंगात विष आहे," घारूताई म्हणाल्या. "ते जेवणातून गेलेलं नाही."

दादांनी झटकन मान वर केली.

"दवाखान्यात तुम्ही दोन्ही वेळा घरचं जेवलात आणि बरे झालात. घरी येऊन पाव खाल्लात आणि पुन्हा आजारी पडलात. हे तुम्हीच मला सांगितलं. भीतीने तुम्हाला स्वतःचं बोलणं ऐकू आलं नाही. दवाखान्यात सगळं होतं, एक गोष्ट नव्हती. गिटार."

"गिटारीला विष? मग हात—" ढोल्या म्हणाला.

"आधी जिभेला मुंग्या, मग हात. म्हणजे तोंडातून. दादांच्या दाताला खाच आहे, डॉक्टरांनी ती पाहिली. वाडग्यातल्या पिकांवर दातांच्या खुणा आहेत. स्टेजवर गायचं असतं, म्हणून पीक चिमट्यात. इथे एकटे गाणं रचताना मात्र ती तासन्‌तास दातांत. त्या सगळ्या पिकांवर विषाचा थर वाळवलेला आहे. काल मी त्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या, आज सकाळी त्यांनी तसं सांगितलं."

वहिनींनी तोंडावर हात दाबला.

"तुम्ही काळजी करू नका. ते माहीत असलेली बाई ती पीक ओठांना लावणार नाही. मला तिथेच कळलं की तुम्ही नव्हे. ढोल्याला या सवयीचा पत्ताच नाही, आणि तो इथे पाऊल टाकत नव्हता. उरला एक माणूस. जो इथे तारा बदलायला येतो, आणि ज्याच्या दाताला हीच खाच आहे. डॉक्टर, दाताची खाच घराण्यातून येत नाही. सवयीतून येते."

डॉक्टर खजील झाले.

"पीक तोंडात धरूनच तुम्ही खोलीत आलात," घारूताई धाकट्याकडे वळल्या. "स्वतःची पीक. या वाडग्यातली मात्र तोंडाजवळ नेऊन परत फिरवलीत, गाणं तुटलं तरी चाललं, आणि बोटं पुसलीत. सवय मोडली नव्हती. तुम्ही घाबरलात. आणि ती पीक तर कोरी होती. मी दुकानातून आणलेली."

धाकट्याने वाडग्यातली एक पीक उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"मरू देणार नव्हतो," तो म्हणाला. "बेतानेच लावत होतो. फक्त बोटं थांबायला हवी होती. निरोपाला तो वाजवू शकला नसता, तर एक, एकच कार्यक्रम मी पुढे उभा राहून वाजवला असता. सगळी गाणी येतात मला. त्याच्यापेक्षा बरी येतात."

"धाकट्या..." दादांनी डोळे पुसले.

"रडू नकोस. तूही काही कमी नाहीस." धाकट्याचा आवाज थंड झाला होता. "वहिनी, मी याला एवढंच म्हटलं, 'दादा, वहिनीच्या हातचं जपून खा.' वाटलं होतं, माझ्या कानाखाली मारेल. नाही मारली. एका वाक्यात पटलं त्याला."

अधिकारी आत आला. धाकटा निमूट त्याच्यासोबत गेला. जिन्यावरून पावलं उतरत गेली आणि ती थांबेपर्यंत वहिनी दादांकडे बघत होत्या.

"मी घाबरलो होतो गं," दादा म्हणाले.

"मीही घाबरले होते," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी काही सांगितलं असतं, तर मी आधी तुला विचारलं असतं."

घारूताईंनी बोलावलेली रुग्णवाहिका फाटकाशी आली. औषध वेळेवर सुरू झालं तर बोटांत जीव परत येईल, असं डॉक्टरांच्या मित्राने सांगितलं होतं. कार्यक्रमाचं मात्र कुणी नाव काढलं नाही. ढोल्याने दादांना धरून खाली आणलं, रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराने आत झोपवलं.

दादांनी पडल्या पडल्या हात बाहेर काढला. तो तसाच अधांतरी राहिला.

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. डॉक्टरांना वाटलं, त्या आता वळतील आणि घरात जातील. पदर खोचून त्या फाटकापर्यंत आल्या, त्या हाताजवळून पुढे गेल्या आणि पुढचं दार उघडून चालकाच्या शेजारी जाऊन बसल्या.

"चला," त्या चालकाला म्हणाल्या. "उशीर नको."