दस्त्यावरचा नंबर

त्या दुपारी काकांनी शहागंजातून सीताफळं घेतली आणि संग्रहालयाच्या पायरीवर बसूनच दोन संपवली. मग हात धुऊन कामाला लागले.

साहेबराव माझे काका नव्हते. मी लहान असताना आईनं त्यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि मी त्यांना काका म्हणू लागले. पुढं आई गेली, मी कॉलेजात शिकवू लागले, माझेही केस पिकले. काका काकाच राहिले. दुसरं काही म्हण, असं त्यांनी कधी सुचवलं नाही. मला म्हणायचं असे. शब्द जिभेवर येई आणि तिथंच थांबे.

पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांनी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर या खाजगी संग्रहालयातल्या जुन्या लष्करी रायफली तपासत. कुठला भाग मूळचा, कुठला मागाहून बसवलेला, कुठल्या कारखान्याचा. नजर अधू झाल्यापासून रविवारी मी सोबत जाई. झिजलेल्या खुणेवर ते खडू घासून अंगठ्यानं पुसत. खोलात उरलेला पांढरा आकडा मी भिंगातून वाचायचा, त्यांनी मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. दोघांच्या तोंडून आल्याशिवाय खूण खरी धरायची नाही, ही त्यांची शिस्त.

एकच रायफल उरली होती.

"मुकुटाच्या छापाखाली कारखाना इशापूर," मी वाचलं. "नळीवर तीन शून्य सात एक."

"तीन शून्य सात एक. बोल्टावर?"

"तोच."

"तोच. दस्ता?"

लाकडी दस्त्यावर जुना नंबर आडव्या रेघेनं खोडलेला होता. त्याखाली काही नव्हतं.

"हा परका आहे."

"परका नाय म्हणायचं, अमे. लई शिकलीस, पन तोंड तिखटच. मिस्त्री दुसरीचा दस्ता तासतो, बसवतो, गोळी झाडून बघतो. मंग जुना नंबर खोडून हिचा मारतो. मारला की तो हिचाच." त्यांनी कोऱ्या लाकडावरून अंगठा फिरवला. "ह्याचा मारायचा राहिला बघ कुणाकडून तरी."

व्यवस्थापक राजेंद्र दारातून म्हणाले, "साहेबराव, न जुळणाऱ्या भंगारात काढायच्यात बरं का."

"मंग आधी तुमची कवळी काढा, राजेंद्रभाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. काका उठले नाहीत.

काही आठवड्यांनी राजेंद्रांचा फोन आला. त्या रायफलीचं काय करायचं? मी एकटीच गेले. खिडकीच्या जाळीतून टेबलावर ऊन पडलं होतं. दस्त्यावर खडू घासला, पुसला. खोडलेल्या नंबराखाली तीनचा आकडा होता.

मागच्या वेळी माझ्या नजरेतून सुटला असेल, असं मी धरलं. निर्णय पुढं ढकलला.

पुढच्या रविवारी तीनच्या शेजारी शून्य होतं.

"हिला कुणी हात लावला होता?"

"किल्ली माझ्या कमरेला असते, ताई. आन साहेबरावांच्या मागं ह्यातलं कळतंय कुणाला?" राजेंद्रांनी भिंग डोळ्याला लावलं. "हे तर जुनंच हाय की. मळ बसलाय आत."

खरं होतं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, खोलात काळं पडलेलं तेल. कितीतरी शिपायांच्या तळव्यांखालून गेल्यासारखे ते आकडे दिसत होते.

त्यापुढच्या खेपेला सात आला. तो डावीकडं कलला होता. घरी येऊन मी माळ्यावरून माझा शाळेचा स्टीलचा डबा काढला. आईच्या लग्नानंतर काकांनी त्यावर ठोकून दिलेलं नाव अजून स्पष्ट होतं: अमृता साहेबराव. सगळी अक्षरं तशीच डावीकडं कललेली.

मी तो डबा मांडीवर घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला.

आज पुन्हा गेले. राजेंद्र रायफल टेबलावर ठेवून खाली चहाला गेले. मी दस्त्यावर खडू घासला. पुसायला अंगठा उचलला.

त्याआधीच पुसलं गेलं.

एकाच फटकाऱ्यात, माझ्या अंगठ्याहून रुंद.

चारही आकडे पांढरे उभे होते.

"तीन शून्य सात एक," मी वाचलं.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी थांबले. खालून कपबश्यांचा आवाज येत होता.

"बाबा," मी म्हणाले, "आता तुम्ही म्हणा."