पट्टीवरचं शून्य

रोशन तांडेलच्या दंडावरची, टीबीची चाहूल देणारी प्रतिसाद-पट्टी जेवणाच्या टेबलावरच लाल झाली, त्यामुळे ती सगळ्यांनी पाहिली. त्याने घाईने बाही खाली ओढली, पण तोवर शेजारचा पाणबुड्या ताट उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता.

वरुणतळ स्थानक अरबी समुद्रात दोनशे मीटर खोल, तळाला टेकून उभं होतं. समुद्रतळावरच्या केबली दुरुस्त करणारे नऊ जण तिथे बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाखाली महिनोन्महिने राहत. वर जायचं तर दाबमुक्तीच्या कुपीत बसून दाब आठवडाभर हळूहळू उतरवावा लागे. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस मरे. आतली हवा सगळ्यांची एकच. अशा ठिकाणी टीबीचा रुग्ण निघणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

स्थानकाच्या डॉक्टर प्रज्ञा खोब्रागडे यांनी रोशनला तपासलं. ताप चढलेला, मानेत सुपारीएवढ्या गाठी, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. महिन्यापूर्वी त्याच्या तोंडात पांढरा थर दिसला म्हणून त्यांनी रक्त तपासलं होतं आणि एचआयव्ही निघाला होता. त्यावरच्या गोळ्या तेव्हापासून चालू होत्या. ही गोष्ट फक्त त्या दोघांनाच ठाऊक होती. आता ती स्थानकप्रमुखांना सांगावी लागेल, असं त्या म्हणाल्या.

"शिर्के मॅडमना सांगा," रोशन म्हणाला. "बाकी कुणाला नको. गाव लहान आहे आमचं. आई बाजारात मासे विकायला बसते."

स्थानकप्रमुख मृण्मयी शिर्के मूळच्या यंत्र-अभियंत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"गोळ्यांआधी त्याची पट्टी शून्य होती. गोळ्या सुरू झाल्या आणि टीबी झाला. मग गोळ्या बंद करा."

"टीबी गोळ्यांनी आला नाही. तो आधीपासूनच होता."

"पट्टी शून्य असताना?"

"पट्टीला जंतू दिसत नाहीत," प्रज्ञाताई म्हणाल्या. "शरीर जंतूंशी जे भांडतं, ते भांडण तिला कळतं. रोशनच्या शरीरातले पहारेकरी एचआयव्हीने निजवून ठेवले होते. चोर घरात हिंडत होते आणि घर शांत होतं. गोळ्यांनी पहारेकरी जागे झाले. आता जो गोंधळ चाललाय, तो त्यांचा आहे. ताप, गाठी, सूज, सगळं त्यांचंच. आम्ही याला पुनर्जागरण-दाह म्हणतो."

"म्हणजे तो बरा होतोय?"

"हो. पण बरा होता होता मरूही शकतो. मारामारीत घरच कोसळतं कधीकधी."

एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, टीबीची औषधं जोडायची आणि दाह आवरायला स्टिरॉइड द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शिर्केंचं समाधान झालं नाही. रोशनचा एचआयव्ही बाकीच्यांपासून लपवायलाही त्यांची हरकत होती. आठ निरोगी माणसं त्यांच्या भरवशावर खाली आली होती. रोशनला आजच्या आज कुपीत बसवा, आठवड्यात तो किनाऱ्यावरच्या इस्पितळात पोचेल, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा प्रज्ञाताईंनी छातीचं चित्र पडद्यावर आणलं. उजव्या श्वासनळीला एक सुजलेली गाठ बाहेरून दाबत होती. हवा आत शिरत होती, पण नीट बाहेर पडत नव्हती.

शिर्के चित्राजवळ गेल्या. "एकेरी झडप," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेरचा दाब कमी होत गेला की आत अडकलेली हवा फुगणार."

"आणि फुफ्फुस फुटणार."

वर पाठवण्याचा विषय तिथेच संपला. स्थानकात स्वतंत्र हवेचा एक विलगकक्ष होता, दोन माणसांपुरता. रोशनला तिथे ठेवायचं ठरलं, पण कुणीतरी सतत त्याच्यापाशी हवं होतं आणि दार वारंवार उघडणं धोक्याचं होतं. प्रज्ञाताई स्वतः जायला निघाल्या. शिर्केंनी त्यांना अडवलं. बाहेर कुणी आजारी पडलं तर डॉक्टर बाहेर नको का, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःची बाही वर केली.

लाल होण्याइतका नसला, तरी बाकी सगळ्यांच्या पट्ट्यांवर थोडाफार आकडा होता. टीबीचा जंतू आयुष्यात कधी ना कधी भेटला नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. ज्यांचा आकडा शून्य, त्यांना कंपनी निवडीत पहिलं स्थान देत असे. शिर्केंचा आकडा शून्य होता.

"सगळ्यांत स्वच्छ मीच आहे," त्या म्हणाल्या. "मी आत जाते."

प्रज्ञाताईंना त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मुखपट्टी, औषधं आणि इंजेक्शनं दिली, आणि दार बंद झालं.

तिसऱ्या दिवशी रोशनचा श्वास अडकला. ओठ निळे पडले, मान ताठ झाली. प्रज्ञाताई काचेबाहेरून सांगत होत्या आणि शिर्के तसतसं करत होत्या. त्यांनी त्याला बसतं केलं, पाठ आपल्या छातीशी घट्ट धरली, मांडीत इंजेक्शन टोचलं. तो धडपडत होता. त्या धडपडीत त्यांची मुखपट्टी निघाली आणि तो त्यांच्या तोंडावरच खोकत राहिला, तरी त्यांनी हात सोडला नाही. हळूहळू शिट्टी मंदावली. रोशनचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं आणि तो झोपला.

त्यानंतर सूज उतरू लागली. तो पेज पिऊ लागला, मग भात मागू लागला. बाहेर लोकांच्या जिवात जीव आला. त्यांच्या पट्ट्यांवरचे आकडे मात्र थोडे वाढले होते. त्यांनी रोशनबरोबर एकाच हवेत इतके दिवस काढले होते, त्यामुळे प्रज्ञाताईंना ते अपेक्षितच होतं. त्यांचा स्वतःचा आकडाही चढला होता.

शिर्केंचा आकडा शून्यावरच होता.

पट्टी बिघडली असेल म्हणून प्रज्ञाताईंनी दोन झाकणांच्या झरोक्यातून नवी पाठवली. तीही शून्य. त्या काचेपाशी उभ्या राहिल्या. शून्याचे अर्थ दोनच होते. एक तर जंतू कधी भेटलेच नाहीत, नाहीतर पहारेकरीच उरले नाहीत. ज्या बाईच्या तोंडावर टीबीचा रुग्ण खोकला होता, तिच्यासाठी पहिला अर्थ आता शिल्लक नव्हता.

त्यांनी काचेतून पहिल्यांदाच शिर्केंकडे रुग्ण म्हणून पाहिलं. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावर लोंबणारा. खाली आल्यापासून जेवणाला चव लागत नाही, बारीक खोकला आहे, इथली कोरडी हवा मानवत नाही, असं त्या म्हणत आल्या होत्या.

त्यांनी रक्ताचा थेंब आणि थुंकी मागून घेतली. दोन्ही तपासण्यांचं उत्तर आलं तेव्हा रोशन झोपला होता.

"थुंकीत टीबीचे जंतू आहेत," त्या म्हणाल्या, "आणि रक्तात एचआयव्ही आहे. बराच जुना."

शिर्के खाली बसल्या. "म्हणजे टीबी मला रोशनकडून लागला?"

"इतक्या लवकर होत नाही. तुमच्यात तो खूप आधीपासून असणार. कदाचित तुमच्याकडून त्याला लागला असेल. खात्रीने नाही सांगता येणार."

मग शिर्केंनी सांगितलं की त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेले. न्यूमोनिया कशाने झाला, हे तेव्हा कुणी तपासलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

"एचआयव्हीच्या गोळ्या आजच द्या," त्या म्हणाल्या.

"आज नाही. आधी टीबीच्या सुरू करू. चोर थोडे कमी झाले की मग पहारेकरी जागे करायचे. रोशनच्या वेळी तेवढी संधी मला मिळाली नाही. आणि हे तुमच्या-माझ्यातच राहील."

शिर्केंनी मान हलवली. रोशनच्या वेळी त्यांनी हेच गुपित ठेवण्यावरून वाद घातला होता, पण ते त्या आता बोलल्या नाहीत.

मागे रोशन जागा होता. कधीपासून, ते कुणालाच कळलं नव्हतं. तो कोपरावर उठून बसला. नेहमी तो त्यांच्याशी मान खाली घालून बोलत असे, आज त्याने तसं केलं नाही.

"मॅडम, गोळ्या सुरू झाल्या की पहिले काही दिवस बरं वाटेल," तो म्हणाला. "मग एकदम ताप भरेल. घाबरू नका. तो ताप आपलाच असतो."