उशीवरचा हात

शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरली की तिच्यावरून घसरून कुणी ना कुणी आपटायचं, हे साखरा गावात दरवर्षीचंच. यंदा पाळी संध्याची आली. उजवा खांदा निखळला. नवरा धम्मानंद फार हुशार! मागे एकदा त्याने बैलाचा पाय ओढून जागेवर बसवला होता. त्याच भरवशावर त्याने तिच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढला. दंडाचं हाडही मोडलंय, हे हिंगोलीला एक्स-रे काढल्यावर कळलं. तोवर बोटं बधिर झाली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर रेवतींनी खांद्याचा गोळा खोबणीत बसवला, मोडलेल्या हाडाला पट्टी लावून स्क्रू कसले.

"हाड जुळेल, ताई. पण शीर ताणली गेलीय. हात बधिर करायच्या इंजेक्शनचा अंमल उतरला की बोटं हलतात का बघू."

झोळीतला हात पोटाशी उशीवर ठेवलेला. तो आपला आहे असं संध्याला वाटतच नव्हतं. याच हाताने भाकरी थापायची, खुरपं धरायचं. तो कायमचा गेला तर? तिचा जीव टांगणीला लागला होता.

"म्या काहून ओढला असंल?" धम्मानंद पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"पुरे करा हो आता."

तेवढ्यात तो ताडकन उठला. "संध्या! बोटं हालून राह्यलीत!"

डॉक्टर लगबगीने आल्या. बोटाला टाचणी टोचली. "दुखतंय?"

"न्हाई."

त्या थबकल्या. "अंमल तर अजून आहे..." मग हसल्या. "असू दे. शीर शाबूत आहे!"

धम्मानंद हमसून रडला आणि डोळे पुसत चहा आणायला पळाला. संध्यालाही भरून आलं. फक्त एक गोष्ट तिला कुणाला सांगवेना.

बोटं ती हलवत नव्हती.

एकटी उरल्यावर तिने नीट पाहिलं. पंजा उशीवर थापटत होता. हलकेच, एका लयीत, लेकराला निजवावं तसा. तिला लेकरू नव्हतं.

ऊन कललं तसा खांदा ठणकू लागला, बोटांना मुंग्या आल्या. त्या ठणक्यानेसुद्धा ती सुखावली. हात परत आला होता! तिने मूठ मिटायला घेतली.

हात थापटतच राहिला.

मग मंदावला. थांबला. कुणाची झोप मोडू नये इतक्या अलगद उशीवरून उचलला गेला.

आणि मगच त्याने तिचं ऐकलं.